मानेखालचा माणूस: मानवाकृती रेखाटनाची पार्श्वभूमी

पुण्यात नव्याने रेखाटन शिकणाऱ्यांच्या वह्या मी नेहमी बघतो. चेहरा घोटून घोटून काढलेला, पापण्यासुद्धा सुट्या सुट्या. मानेखाली मात्र माणूस खांबासारखा ताठ. हात पाठीमागे दडवलेले, कारण बोटं जमत नाहीत. यात मुलांच्या हाताचा दोष कमी आणि शिकवण्याच्या रीतीचा जास्त, असं माझं ठाम मत आहे.

खरं तर सुरुवात चांगली झाली होती, तीही पुण्यातच. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथे शिकवत असे. गंगाराम तांबट त्याच्याच हाताखाली तयार झाले. पेशव्यांच्या दरबाराच्या एका मोठ्या चित्रासाठी वेल्सने दरबारातल्या माणसांचे अभ्यास, म्हणजे माणूस पाहून केलेली कच्ची रेखाटनं, करून ठेवले होते. १७९५ मध्ये तो वारला. पुढे इंग्लंडमध्ये थॉमस डॅनियलने त्या अभ्यासांच्या आधारे १८०५ मध्ये चित्र पुरं केलं. माणूस समोर असताना केलेल्या रेखाटनात केवढा ऐवज साठतो, ते यावरून कळावं.

वाड्यातली शाळा टिकली नाही. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि इंग्लंडच्या कलाशाळांची शिस्त इथे रुजली: आधी रेघांची नक्कल, मग घनाकार, मग ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास करण्याचा लाइफ क्लास तिथले प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ मध्ये आणला, म्हणजे तब्बल ६२ वर्षांनी. पुतळा हलत नाही, थकत नाही. छायाप्रकाश शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. पण त्याच्यासमोर बसून कडेपासून सुरुवात करायची आणि सावकाश घोटायचं, ही सवय हाडीमाशी खिळते.

शाळेत ती आणखी पक्की झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी आपण आकृत्या चक्क पाठ केल्या: घागर घेतलेली बाई, पतंग उडवणारा मुलगा. पाठ केलेला माणूस कुठल्याही चित्रात तसाच उभा राहतो.

आपल्याकडचा जुना विचार याहून मोकळा होता. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, ‘हंस’ या पुरुषप्रकाराची उंची १०८ अंगुळं (बोटांच्या रुंदीचं माप) सांगितली आहे. १२ अंगुळांचा एक चेहरा धरला, तर नऊ चेहरे. पण माप देऊन ते थांबत नाही. शरीराची नऊ स्थानं, म्हणजे समोरून, तिरकं, पाठमोरं असं उभं राहणं, आणि वळलेल्या अंगाचा कुठला भाग आखूड दिसतो, ती ‘क्षयवृद्धी’, तेही त्यात आहे. नवशिक्याचं घोडं नेमकं या क्षयवृद्धीपाशी अडतं.

म्हणून मी मुलांना महात्मा फुले मंडईत नेतो. गेल्या आठवड्यात एक मावशी मेथीची जुडी बांधत उभ्या होत्या. सगळा भार उजव्या पायावर, त्यामुळे उजवं कंबरेचं हाड वर चढलेलं आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरलेला. दोन मिनिटांत या दोन तिरप्या रेघा आणि मानेपासून उजव्या टाचेपर्यंतचा तोल, एवढंच काढायचं होतं; चेहरा वर्ज्य. एका मुलीचा कागद जवळजवळ कोराच होता, पाच-सहाच रेघा. मावशींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर मीच!”