पायाखाली गोठलेलं धरण

गोठलेल्या जलाशयावर गळ टाकून मासे धरायला मुलांना घेऊन गेले की बर्फात पहिलं भोक मी त्यांना काठापासून चार पावलांवरच पाडायला लावते. मासे तिथे नसतात, पण मला तिथे मासे नकोच असतात. गिरमिट फिरवून बारा-तेरा वर्षांच्या पोरांचे हात भरून येतात, बर्फाचा चुरा वर साचत जातो आणि एका क्षणी गिरमिट हलकं होऊन खालचं पाणी उसळून वर येतं. मग झाऱ्याने चुरा काढायचा. भजी काढतो तोच झारा, फक्त दांडा लांब. शेवटी टोकाला आकडी असलेली पट्टी आत सोडायची, आकडी बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायची आणि जाडीचा आकडा मोठ्याने वाचायचा. ज्याने भोक पाडलं त्यानेच वाचायचा.

हे चालतं अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्ट्रॉबेरी जलाशयावर. सॉल्ट लेक सिटीपासून गाडीने दीडेक तास, उंची सुमारे २,३०० मीटर. डिसेंबरात पाणी गोठतं ते वसंतापर्यंत तसंच राहतं. आमच्या गटात दरवर्षी दोन-तीन मराठी घरांतली मुलं असतात. कोकणातल्या आजोळी गरवायला बसलेलं एखादं मूल असलं तर त्याला गळ आणि तंगूस (गळाची दोरी) शिकवावं लागत नाही. बर्फ मात्र सगळ्यांनाच शिकवावा लागतो.

स्वच्छ, काचेसारख्या, निळसर बर्फाची जाडी निदान १० सेंटिमीटर असेल तरच माणसाने पायी जावं, असा सर्वमान्य हिशेब आहे. तो एकेकट्याने चालण्यापुरता. मुलं तशी चालत नाहीत. एकाला मोठा मासा लागला की पंधराच्या पंधरा त्या भोकाभोवती गोळा होतात, म्हणून गटासाठी मी १५ सेंटिमीटरच्या खाली पाऊल टाकू देत नाही. शिवाय बर्फ कोणता, हेही बघायचं. भोकाच्या भिंतीवर विजेरी धरली की थर दिसतात: खाली पारदर्शक, वर दुधाळ. तो दुधाळ थर म्हणजे पाण्याने भिजून पुन्हा गोठलेला हिम. त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि त्याची ताकद निम्मीच धरतात.

आता धरणाची गोष्ट, कारण खरा धोका तिथे आहे. नैसर्गिक तळं हिवाळ्यात बहुतेक स्वस्थ असतं. धरणाचं पाणी माणसाच्या गरजेप्रमाणे वरखाली होतं. स्ट्रॉबेरीचं पाणी मुळात डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पलीकडच्या खोऱ्यातल्या शेतीसाठी वळवलं गेलं. कोयनेचं पाणी पोफळीकडे उतरतं, ते डोळ्यासमोर आणा. बर्फाला खालून पाण्याचा आधार असतो. तो पाण्यावर तरंगणारा एक पत्रा आहे. पाण्याची पातळी उतरली की मधला बर्फ पाण्याबरोबर खाली बसतो, काठाचा मात्र जमिनीला चिकटून अधांतरी राहतो, वाकतो आणि तडकतो. पातळी चढली की काठाला उघड्या पाण्याची पट्टी पडते. म्हणून मध्यभागी हातभर जाड बर्फ असला तरी काठाशी पाय आत जाऊ शकतो. भिंत, बोगद्याचं तोंड आणि ओढे जिथे मिळतात त्या जागा आम्ही पूर्णपणे टाळतो. तिथलं हलतं पाणी तळाची ऊब वर आणतं आणि बर्फ खालून झिजवतं. वरून काहीच दिसत नाही. पुढे चालणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात पहार असते आणि दर काही पावलांवर ती आपटून बघायची असते.

तळाला ऊब कशी, हा प्रश्न दरवर्षी येतो. दहावीच्या पुस्तकातलं पाण्याचं असंगत आचरण इथे हातात धरता येतं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, त्याहून थंड झालं की हलकं होतं. म्हणून हिवाळ्यात ४ अंशांचं पाणी तळाशी बसतं आणि शून्याजवळचं वर, बर्फाला लागून. लांब तंगुसाला तापमापी बांधून मुलांना सोडायला दिली की हेच आचरण दाखवणारं पुस्तकातलं होपचं उपकरण पुन्हा समजावावं लागत नाही. आणि बर्फ स्वतःच पांघरूण होतो. पाण्यातला अप्रकट उष्मा, म्हणजे गोठताना सुटणारी उष्णता, त्याच्यातूनच बाहेर पडावा लागतो, त्यामुळे तो जितका जाड होतो तितका हळू वाढतो. ५ सेंटिमीटर व्हायला जेवढा गारठा लागला, त्याच्या साधारण चौपट १० सेंटिमीटरला लागतो. वर हिम पडला की वाढ आणखी मंदावते. म्हणून ‘आठवडाभर कडक थंडी होती’ एवढ्यावर मी भरवसा ठेवत नाही.

बर्फ आवाजही करतो. तापमान बदललं की तो ताणला जातो, तडे जातात आणि लांबून एखादी तार झणकारावी तसा ‘प्यूऽऊ’ असा सूर येतो. बर्फाच्या पत्र्यातून उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा वेगाने धावतात, म्हणून दुरून ऐकताना बारीक सूर आधी पोचतो आणि जाड नंतर. मुलं घाबरतात, साहजिक आहे. मी त्यांना सांगते की या आवाजावरून बर्फ जाड की पातळ ते कळत नाही. ते पट्टीवरच कळतं.

कोणी आत पडलंच तर काय, याची तालीम आदल्या आठवड्यात सभागृहाच्या फरशीवर होते. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाच्या शरीराचं काय होतं याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचं सूत्र १-१०-१ असं आहे: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे असतात ती १० मिनिटं, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे १ तास. पहिल्या मिनिटात धाप लागते, तेव्हा डोकं पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. मग ज्या बाजूने आलो तिकडेच तोंड करायचं, कारण त्या बर्फाने आपल्याला पेललं होतं. गळ्यात अडकवलेल्या खिळ्यांच्या मुठी बर्फात रोवायच्या, पाय मारत आडवं व्हायचं, बाहेर आल्यावर उभं न राहता लोळत दूर जायचं. बाकीच्यांनी जवळ धावायचं नाही. लांबून दोर फेकायचा.

लहान मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचा जास्त, म्हणून ती लवकर गारठतात. आत सुती कपडे नकोत, लोकर हवी. सुक्या मोज्यांचे जोड माणशी दोन. तंबूत गॅसची शेगडी लावली तर वारा यायला जागा हवीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि मासे. थंड पाण्यात त्यांचं शरीर संथ चालतं, म्हणून ते आमिषावर झडप घालत नाहीत. गळाच्या छोट्या काठीचं टोक कधीकधी झुकण्याऐवजी किंचित वर उचललं जातं. मासा आमिष घेऊन वर आलेला असतो आणि गळाचं वजन नाहीसं होतं. हे एकदा ज्या मुलाला दिसलं, ते पुढे तासभर काठीवरून नजर हलवत नाही.

इथला कटथ्रोट ट्राउट, जबड्याखाली लाल रेघ असलेला, १५ ते २२ इंचांचा असला तर लगेच परत सोडायचा, असा नियम आहे (नियम बदलतात, त्या वर्षाची पुस्तिका बघूनच निघावं). यामागे इतिहास आहे. चब आणि सकर या माशांनी जलाशय भरून गेला होता, ट्राउटला खायला उरेना. १९९० साली रोटेनोन हे मासे मारणारं विष घालून सगळा जलाशय साफ करण्यात आला आणि मग चब खाणाऱ्या जातीचा कटथ्रोट सोडण्यात आला. चब खाण्याचं काम मोठे कटथ्रोटच करतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. सोडताना मासा हिमावर ठेवायचा नाही. शून्याखालच्या हवेत त्याचे कल्ले आणि डोळे काही सेकंदांत गोठू लागतात. मोजपट्टी भोकाशेजारी आधीच ओली करून ठेवायची.

गेल्या खेपेला सातवीतल्या एका मुलीला १७ इंची कटथ्रोट लागला. तिने हातमोजे काढले, हात पाण्यात बुडवून घेतले, मासा पट्टीवर टेकवून आकडा वाचला आणि डोकं खाली करून त्याला भोकात सोडलं. ‘काकू, हा मोठा झाल्यावर चब खाईल ना?’ तिने विचारलं. तो आताच खातोय, मी म्हटलं. ती भोकात वाकून बघत राहिली आणि मी मागून तिच्या जाकिटाचा पट्टा धरून ठेवला.