छातीचा फोटो आणि दहा हजारांतले तिघे

जपानमध्ये चाळिशी ओलांडली की दरवर्षी छातीचा एक्स-रे काढून घेण्याची सोय गावची पालिकाच करते. यंत्र बसवलेली बस वस्तीत येते आणि लोक रांगेने फोटो काढून घरी जातात. ही व्यवस्था मुळात क्षयासाठी उभी राहिली होती. क्षय ओसरला, फुफ्फुसाचा कर्करोग वाढला, आणि 1987 पासून कर्करोगाचा शोधही याच पद्धतीने सुरू झाला.

फोटो काढणे सोपे, वाचणे अवघड. एक्स-रेमध्ये छातीतल्या सगळ्या अवयवांच्या सावल्या एकमेकींवर पडतात. हृदयामागची किंवा बरगडीआडची लहान गाठ त्यात सहज हरवते. म्हणून तिथे प्रत्येक फोटो दोन डॉक्टर स्वतंत्रपणे पाहतात आणि संशय आला की मागच्या वर्षीचा फोटो शेजारी लावतात. जुन्या क्षयाचा व्रण वर्षानुवर्षे तसाच राहतो. गाठ मात्र वाढते.

तरीही हाती किती लागते? 2008 साली तिथे ठरलेल्या निकषांनुसार पुढच्या तपासणीसाठी 3 टक्क्यांपेक्षा जास्त लोकांना बोलावू नये आणि कर्करोग किमान 0.03 टक्के लोकांत तरी सापडावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे दहा हजार फोटोंमागे तीनशेपर्यंत लोकांची झोप उडणार, आणि कर्करोग निघणार किमान तिघांना.

त्या तिघांचा जीव वाचतो का, हा खरा वादाचा मुद्दा. समजा, एखाद्याला 2024 मध्ये खोकल्यातून रक्त पडून निदान झाले असते आणि 2026 मध्ये मृत्यू आला असता. एक्स-रेमुळे तेच निदान 2021 मध्ये झाले, पण मृत्यू 2026 मध्येच आला, तर कागदावर तो ‘पाच वर्षे जगला’. प्रत्यक्षात आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. आजाराची चिंता तेवढी तीन वर्षे आधी सुरू झाली.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 1971 पासून 9,211 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हेच तपासले. एका गटाचा दर चार महिन्यांनी एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी झाली. त्या गटात 206 कर्करोग सापडले, दुसऱ्यात 160. फुफ्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू मात्र 122 आणि 115! जास्तीच्या निदानांतल्या काही गाठी कदाचित कधीच जिवावर उठल्या नसत्या. पुढे दीड लाखांहून अधिक लोकांवरच्या अमेरिकी चाचणीचा निकाल 2011 मध्ये आला. त्यातही दरवर्षीच्या एक्स-रेने मृत्यू घटले नाहीत.

मियागी, नीगाता, गुन्मा, ओकायामा इथले जपानी अभ्यास मात्र मृत्यू 30 ते 60 टक्क्यांनी घटल्याचे सांगतात. पण हे अभ्यास मागे वळून तुलना करणारे होते, आणि दरवर्षी न चुकता तपासणीला येणारा माणूस बहुधा तब्येतीला जपणाराच असतो. मला अमेरिकी निकालाचे पारडे जड वाटते. तिथल्याच दुसऱ्या चाचणीत, 53 हजारांवर अट्टल धूम्रपान करणाऱ्यांमध्ये, कमी किरणांच्या सीटी स्कॅनने एक्स-रेच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी केले.

आपल्याकडे क्षयाच्या मोहिमेत हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे खेड्यांत पोहोचली आहेत. कर्करोगासाठी सरसकट सगळ्यांचे फोटो काढायला मी सांगणार नाही. पण क्षयासाठी काढलेल्या फोटोत डाग दिसतो, बेडक्यात जंतू सापडत नाहीत आणि तरीही क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, असे रुग्ण कर्करोगतज्ज्ञांकडे उशिरा पोहोचतात. अशा माणसाला सीटी स्कॅनसाठी कुठे पाठवायचे आणि तो पोहोचला की नाही हे कोणी पाहायचे, ते गाडी गावात शिरण्याआधीच ठरलेले हवे.