टिनटिन फ्रेंच नाही हो!

फ्रेंच कॉमिक्सचा विषय निघाला की पहिलं नाव टिनटिनचं येतं आणि तिथेच गडबड होते. टिनटिन बोलतो फ्रेंच, पण आहे पक्का बेल्जियन. १० जानेवारी १९२९ रोजी ब्रसेल्सच्या एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत तो अवतरला. त्याचा जनक एर्झे, म्हणजे जॉर्ज रेमी, ब्रसेल्सचाच. नावातली आद्याक्षरं उलटी केली की 'आर.जी.', आणि फ्रेंच उच्चारात ते होतं एर्झे.

गैरसमजाचं कारण साधं आहे. बेल्जियमच्या निम्म्या भागात फ्रेंच चालते, त्यामुळे पुस्तकावर फ्रेंच दिसली की आपण थेट पॅरिस गाठतो. पण एर्झेने कथांमध्ये आपल्या गावची बोली बेमालूम लपवली आहे. सिल्डाव्हिया या काल्पनिक देशाचं ब्रीदवाक्य बघा : 'आय बेनेक, आय ब्लावेक'. वाचताना वाटतं, कुठलीतरी बाल्कन भाषा असेल. प्रत्यक्षात ती ब्रसेल्सची डच वळणाची गावठी बोली. अर्थ : 'इथे आहे, इथेच राहणार'. पॅरिसच्या वाचकाला हा विनोद कळणं कठीणच!

निळे स्मर्फ (१९५८) आणि लकी ल्यूक यांचे चित्रकारही बेल्जियनच. मग फ्रान्सचं काय? अ‍ॅस्टेरिक्स! १९५९ साली 'पिलोत' साप्ताहिकातून आलेला हा गडी अस्सल फ्रेंच. तरी गंमत अशी, की त्याचा लेखक गोसिनी वाढला अर्जेंटिनात आणि चित्रकार उदेर्झोचे आईवडील इटालियन.