लस टोचल्यावर कितव्या दिवशी?
मेंढपाळ मंडळींसाठी आमच्या पशुऔषध दुकानाचं पत्रक

पावसाच्या तोंडावर लसीकरण सुरू झालं, की कुणीतरी रिकामी बाटली आमच्या काउंटरवर आपटतंच. "तुमच्या लशीनं मेंढरं पडली." राग खोटा नसतो, नुकसान डोळ्यांसमोर असतं. आम्ही मात्र आधी एकच विचारतो : टोचल्यावर कितव्या दिवशी? दोषी लस आहे की रोग, हे बऱ्याचदा त्या दिवसाच्या आकड्यावरून कळतं. वाड्यात शाळेत जाणारं पोर असेल तर हे पत्रक त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.

पहिल्या तासात

मेंढरू अचानक थरथरलं, धापा टाकू लागलं, तोंडाला फेस आला आणि आडवं झालं, तर ती लसीची तीव्र ॲलर्जी. क्वचित होते, पण झाली तर मिनिटांचा खेळ असतो. तिच्यावर ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. म्हणून टोचून झाल्याबरोबर कळप हाकू नका. तासभर सावलीत थांबा, डॉक्टरांनाही थांबवून घ्या.

पहिले दोन-तीन दिवस

किंचित ताप, चरण्यात मंदपणा, टोचल्या जागी सूज. हे चालायचंच, अंगात प्रतिकारशक्ती तयार होत असल्याची ती खूण आहे. ताप मोजताना आपलं माप मेंढराला लावू नका. मेंढीचं नेहमीचं तापमानच 102 ते 103.5 फॅरनहाइट असतं. 103 दिसला म्हणून अँटिबायोटिक मागायला आलेले खूप जण आम्ही तसेच परत पाठवले आहेत.

तेलातली लस असेल, उदाहरणार्थ लाळ्या खुरकुताची, तर गाठ काही आठवडेही राहते. दुखत नसेल तर तिला दाबू नका, फोडू नका. गाठ गरम लागली, पिकली, पू झाला, तर बहुतेक वेळा दोष सुईचा असतो.

चौथ्या दिवसापासून पुढं

खरी भांडणं इथली. लस दिली आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मेंढरं ढासायला लागली, डोळ्यांत चिपडं, नाकात घट्ट शेंबूड, तोंडात फोड आणि कोंड्यासारखा थर, मग घाण वासाची हगवण. ही पीपीआर, म्हणजे आपल्याकडची शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी. याचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा 4 ते 6 दिवस जातात, कधी 10. देवीला आठवडा-दोन आठवडे लागतात. आणि लसीचं पुरतं संरक्षण मिळायलाही साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे बाजारातून आणलेल्या दोन मेंढ्यांनी रोग आधीच आणला असेल, तर लस मागून धावते आणि रोग पुढं पोचतो. एकच सुई सगळ्या कळपात फिरवली, तर लक्षणं न दिसणाऱ्या मेंढराचा रोग शेजारच्याला आपणच टोचून देतो.

"जिवंत लस आहे, तीच रोग करते," असंही ऐकू येतं. हिमाचल प्रदेशातल्या सुंग्री इथल्या शेळीतून मिळालेला विषाणू भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात पुन्हा पुन्हा वाढवून निर्बळ केला, त्यापासून पीपीआरची सुंग्री 96 लस झाली. निरोगी मेंढीत ती बुळकांडी उठवत नाही, उलट तीन वर्षं राखते. आजारी, अशक्त किंवा ताप असलेल्या जनावराला मात्र कुठलीच लस टोचू नका. अगदी दिवसांत आलेल्या मेंढीलाही धरपकडीनं गाभडायची भीती असते, तिचं डॉक्टरांना विचारून ठरवा. नवी मेंढरं तीन आठवडे वेगळी बांधा. वाड्यावर हे अवघड आहे, आम्हाला माहीत आहे, तरी निदान वेगळ्या जाळीत ठेवा.

निळ्या जिभेचं जरा वेगळं आहे. महाराष्ट्रात या रोगाची नोंद 1964 पासूनची. तो बारीक चिलटांमार्फत पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर धरतो. तोंड सुजतं, जीभ कधी निळी पडते, मेंढी लंगडते. आपल्याकडची लस मृत विषाणूची आहे, तिच्यातून रोग होऊच शकत नाही. पण तिच्यात पाचच प्रकार आहेत : 1, 2, 10, 16 आणि 23. विषाणूचे प्रकार वीसहून जास्त. सहावा कुठला आला तर लस दिलेली मेंढीही आजारी पडेल. दुकानदार म्हणून हे सांगणं परवडत नाही, पण खरं आहे.

लस फुकट जाते ती अशी

मोटारसायकलच्या डिकीत, उन्हात, बर्फाशिवाय. जिवंत लस अशी तापली की मरते. टोचल्यावर ताप नाही, गाठ नाही, सगळे खूश, आणि दोन महिन्यांनी कळप बसतो. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये आणा. पीपीआरची पूड सोबतच्याच द्रावणात विरघळवा, बर्फावर ठेवा, तास-दोन तासांत संपवा. उरलेली उद्यासाठी ठेवू नका, शेजारच्या वाड्यालाही देऊ नका. सुई-सिरिंज स्पिरिटनं पुसू नका, जिवंत लस त्यानं मरते. सुया उकळून गार करा. प्रत्येक मेंढराला वेगळी सुई सर्वांत उत्तम. आंत्रविषाराची आणि तेलातली लस बर्फाच्या कप्प्यात गोठवू नका.

तेलाची लस चुकून स्वतःच्या बोटात टोचली गेली, तर रक्त पुसून कामाला लागू नका. लगेच दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या आणि "तेलातली लस" हे शब्द डॉक्टरांना सांगा. बोट जाऊ शकतं. बुळकांडी, देवी आणि निळी जीभ माणसाला होत नाहीत, मावा हा मेंढरांच्या तोंडाचा रोग मात्र माणसाच्या हातावर उठतो. तोंडाला खपल्या आलेली कोकरं उघड्या हातानं धरू नका.

पीपीआरची लस आमच्याकडून विकत घेण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, मोहिमेत ती मोफत मिळते. जास्त मेंढरं एकदम पडली तर दवाखान्यात कळवा किंवा 1962 ला फोन करा. पीपीआर आणि देवी हे कळवायचेच रोग आहेत, लपवून शेजारचा कळपही जातो.

दिवाळीनंतर कोकणाकडं निघायचं असेल, तर निदान तीन आठवडे आधी टोचून घ्या. टोचल्याची तारीख, किती मेंढरं, कुठली लस आणि बाटलीवरचा बॅच नंबर वहीत लिहा. वही नसेल तर लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि काही बिघडलंच तर ती रिकामी बाटली घेऊन खुशाल या.