प्रकाश-उत्प्रेरणाने रंगीत सांडपाण्याचे शुद्धीकरण

अर्धसंवाहकाच्या (बहुधा टिटॅनियम डायॉक्साइडच्या) नॅनोकणांवर प्रकाश पाडून पाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन करण्याची पद्धत. चादरी व टॉवेलांचे सूत रंगवणाऱ्या सोलापूरच्या रंगखान्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे.

पद्धतीचा उगम बहुधा फुजिशिमा व होंडा यांच्या १९७२ मधील प्रयोगाशी जोडतात. तो प्रयोग मात्र टिटॅनियम डायॉक्साइडच्या विद्युतअग्रावर पाण्याचे विघटन करण्याचा होता. भुकटी ढवळून प्रदूषक नष्ट करण्याचा नव्हे. झिंक ऑक्साइडच्या सान्निध्यात प्रशियन ब्लू हा निळा रंग उजेडात विटतो, असे आइब्नर यांनी १९११ च्या सुमारास नोंदवले होते. टिटॅनियम डायॉक्साइडवर रंग विटण्याचा गुडीव्ह व किचनर यांचा अभ्यास १९३८ चा. जलशुद्धीकरणापुरते पाहता कॅरी व सहकारी (१९७६) आणि फ्रँक व बार्ड (१९७७) यांचे काम आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

टिटॅनियम डायॉक्साइडच्या ॲनाटेज या स्फटिकरूपाचे पट्टांतर (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश लागतो. उन्हात असा प्रकाश जेमतेम ४-५ टक्के असतो. सोलापूरचे कडक ऊनही त्याला अपवाद नाही. या प्रकाशाने कणांवर तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील रेणुखंड) रंगाचे रेणू तोडतात.

गाळलेल्या पाण्यात लिटरला साधारण ०.५ ते १ ग्रॅम अशा कणांची भुकटी घालून प्रथम ३० मिनिटे अंधारात ढवळतात, मग प्रकाश पाडतात. अंधारात ढवळले नाही तर कणांना नुसता चिकटलेला रंगही विघटित झाला असे भासते. भुकटी फार झाली तर पाणी गढुळते व प्रकाश आत शिरत नाही.

खरी अडचण रंगाच्या कुंडातील पाण्याची. रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगासाठी लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ पडते, सोडा ॲशमुळे (सोडियम कार्बोनेटमुळे) सामू (पीएच, आम्ल-अल्कलीपणाचे माप) १०.५ ते ११ होतो. सामू ६-७ च्या वर कणांचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, रंगही ऋणभारित. म्हणून रंग कणांपाशी येत नाही. शिवाय कार्बोनेट व क्लोराइड मूलकांना खाऊन टाकतात. आम्ल घालून सामू ४-५ वर आणल्यास कार्बोनेट वायुरूपाने निघून जाते (पाणी फसफसून उतू जाते, म्हणून आम्ल हळूहळू घालावे), पण मीठ राहतेच. त्यामुळे मुख्य कुंडापेक्षा सूत धुतल्यानंतरचे फिके पाणी या पद्धतीला अधिक मानवते.

पाणी नितळ दिसले म्हणजे शुद्ध झाले असे नाही. ॲझो बंध (रेणूला रंग देणारा दोन नायट्रोजन अणूंमधला बंध) तुटताच रंग जातो, पण अरोमॅटिक (बेंझीनसारख्या वलयांचे) तुकडे उरतात आणि त्यांतले काही मूळ रंगाहून घातक असतात. म्हणून रासायनिक ऑक्सिजन मागणीही (पाण्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांचे माप) मोजलीच पाहिजे. मोजण्यापूर्वी नमुना ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. निसटलेल्या कणांच्या गढूळपणाने रंगाचा आकडा फुगतो.

इतके बारीक कण आपोआप बसत नाहीत. सामू ६.५ च्या आसपास आणल्यावर ते गोळा होऊन तळाशी जातात. काचपट्ट्यांवर लेप दिल्यास हा खटाटोप टळतो, मात्र वेग बराच घटतो.