शस्त्रविक्रीचा नफा नेमका कुणाच्या खिशात?

‘अमेरिकेची अमुक अब्ज डॉलरच्या शस्त्रविक्रीला मंजुरी’ अशी बातमी आली की गुंतवणूकदार हुरळतात. वास्तविक ती अमेरिकी काँग्रेसला दिलेली सूचना असते आणि आकडा कमाल मर्यादेचा. करार पुढे होतो, कधी होतही नाही. झाला तरी खरी मेख ओव्हरहेडच्या भागाकारात आहे.

इमारतीचं भाडं, यंत्रांचा घसारा, साहेबलोकांचे पगार हा खर्च म्हणजे ओव्हरहेड. माल कमी बनो की जास्त, तो फारसा हलत नाही. तो कामाच्या तासांवर वाटतात. समजा, वर्षाचा असा खर्च 10 कोटी डॉलर आणि पेंटागॉनच्या कामाचे 10 लाख तास; म्हणजे तासाला 100 डॉलर. परदेशी ऑर्डरचे अडीच लाख तास वाढले की दर 80 वर येतो. हजार तास खाणाऱ्या क्षेपणास्त्रामागे 20 हजार डॉलर वाचले.

वाचले कुणाचे? करार ठरावीक किमतीचा आणि आधीच सही झालेला असेल तर कंपनीचे. ‘कॉस्ट-प्लस’ (खर्च अधिक मोबदला) असेल तर सरकार झालेला रास्त खर्च तेवढाच भरतं, म्हणून बचत सरकारची. पुढच्या कराराची बोलणी तर 80 च्या दरानेच सुरू होतात. शिवाय ठरावीक मोबदल्याच्या कॉस्ट-प्लस करारात मोबदल्याची कमाल मर्यादा अंदाजित खर्चाच्या 10 टक्के (संशोधन-विकासाला 15). अंदाजित खर्च घटला की मर्यादाही खाली येते! उलट 80 गृहीत धरून किंमत बांधली आणि परदेशी ऑर्डर फिस्कटली, तर दर पुन्हा 100. वरचे 20 कंपनीच्या अंगावर.

विक्री कोणत्या वाटेने होते यावरही बरंच अवलंबून. सरकारमार्फत विक्रीत पेंटागॉन ग्राहकासाठी स्वतः करार करतं, ग्राहकाकडून 3.2 टक्के प्रशासकीय आकार घेतं आणि किमतीची छाननी जवळजवळ स्वतःच्या खरेदीसारखीच होते. थेट विक्रीत मात्र घासाघीस कंपनी आणि ग्राहक देश यांच्यात. जास्त नफ्याला वाव तिथे. भारताने 2009 मध्ये 8 पी-8आय सागरी टेहळणी विमानं बोईंगकडून अशीच थेट घेतली. गोव्याच्या आयएनएस हंसा या नौदल हवाईतळावरही आता पी-8आय असतात. त्यांचा सांगाडा 737 प्रवासी विमानाचा, म्हणून कारखान्याच्या ओव्हरहेडचा वाटा विमान कंपन्याही उचलतात.

पण नागरी सांगाडा म्हणजे हमखास नफा नव्हे. बोईंगच्याच 767 प्रवासी विमानावर बेतलेल्या केसी-46 या इंधन पुरवणाऱ्या टँकर विमानाचा विकास-करार 2011 मध्ये ठरावीक किमतीचा झाला. हवेत इंधन भरताना नळी दाखवणाऱ्या कॅमेरा यंत्रणेसारख्या दोषांच्या दुरुस्त्या, उशीर आणि वाढता खर्च मिळून बोईंगला 7 अब्ज डॉलरहून जास्त तोटा सोसावा लागला.