कायद्याचं राज्य की कायद्यानं राज्य?

बोलताना फरक एका अक्षराचा. कायद्याचं राज्य म्हणजे राज्य करणाराही कायद्याखाली. कायद्यानं राज्य म्हणजे कायदा ही राज्य करणाऱ्याच्या हातातली काठी. टीव्हीवरच्या भांडणात दोन्ही बाजू नाव पहिल्याचं घेतात आणि वकिली दुसऱ्याची करतात.

1975 घ्या. 12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली, 25 जूनला आणीबाणी आली. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती 11 ऑगस्टला. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी 39वी घटनादुरुस्ती 7 ऑगस्टला लोकसभेत, 8 ला राज्यसभेत मंजूर झाली. मग विधानसभांची संमती, आणि 10 तारखेला राष्ट्रपतींची सही. चार दिवसांत! सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागायलाही याहून जास्त हेलपाटे पडतात. आणि प्रत्येक पायरी रीतसर. हे ‘कायद्यानं’.

आता बुलडोझर. इथे मुख्यतः भाजपशासित राज्यं. वर्षानुवर्षं उभं असलेलं घर अनधिकृत आहे, हे पालिकेला नेमकं घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाल्यावर दिसतं. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी याला लगाम घातला: 15 दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने, पाडकामाचं चित्रीकरण, आणि नोटीस निघताच जिल्हाधिकाऱ्यांना ई-मेल. हा ई-मेल कशाला? मागची तारीख टाकता येऊ नये म्हणून. सरकारी कार्यालयांची नस न्यायालयाने बरोबर ओळखली होती. तरी मार्च 2025 मध्ये नागपुरात दंगलीतल्या आरोपीचं घर पाडलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची स्थगिती आली तोवर भिंती खाली. निकालाची माहितीच नव्हती म्हणत महापालिकेने नंतर माफी मागितली.

जास्त धोका कुणाचा? व्याप्तीत आणीबाणीला तोड नाही. एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्थानबद्धांना दाद नाकारली. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना, आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. पण ते सगळं कायद्यात लिहिलेलं होतं, म्हणून उलटवताही आलं. 39व्या दुरुस्तीतलं ते कलम तीन महिन्यांत रद्द झालं, 1978 च्या 44व्या दुरुस्तीने जगण्याचा हक्क आणीबाणीतही शाबूत ठेवला. बुलडोझरला नवा कायदा लागतच नाही, जुनाच बांधकाम नियम पुरतो. म्हणून मला आज तो जास्त घातक वाटतो. शिवाय 2024 च्या त्याच निकालात रस्ता, फुटपाथ, नदीकाठ अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. ‘अतिक्रमण’ हा शब्द नोटिशीत कसा वापरलाय, तो आधी वाचा.